दुकानातलं तोंड

गाद्यांच्या दुकानात नोकरी आहे असं सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, मजा आहे बुवा तुमची, दुपारी डुलकी काढायची आयती सोय. त्यांना काय सांगायचं! चारी बाजूंना गाद्या, मऊ, कडक, मध्यम, पाठदुखीवाल्यांच्या, नवीन लग्न झालेल्यांच्या, आणि त्यांच्या मधोमध हा माणूस सकाळी शटर वर गेल्यापासून ते खाली येईपर्यंत उभा. बसायचं नाही, रेलायचं नाही, एखाद्या कोपऱ्यावर जरा टेकायचं तर नावच काढायचं नाही. माल गिऱ्हाइकासाठी आहे, असं मालकांचं म्हणणं. जगाला पाठ टेकायला लावणाऱ्या या माणसाच्या टाचा त्यामुळे रोज संध्याकाळी नुसत्या ठणकत असत.

दुकानात त्याला सगळे ‘सख्खेभाऊ’ म्हणत. त्यालाही कारण होतं. गिऱ्हाईक आलं की तो आधी सगळ्यात स्वस्त गादी दाखवी. दाबून बघू देई, किंमत सांगे, गप्प उभा राही. गिऱ्हाइकाचा जीव तिच्यात जरा अडकला की एक पाऊल पुढे येऊन, आवाज खाली आणून म्हणे, “ही नका घेऊ. खरं सांगतो, माझ्या सख्ख्या भावाला मी ही दिली नसती.” झालं! गिऱ्हाईक विरघळलंच. हा एक भला माणूस भेटला, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसे, आणि ते मुकाट्याने वरच्या किमतीच्या गादीकडे वळे. मग सख्खेभाऊ दुसरं अस्त्र काढत. “नुसतं दाबून काय कळणार? पडून बघा पाच मिनिटं. चपला राहू द्या इथेच.” एकदा आडवं झालेलं गिऱ्हाईक गादी न घेता उठून गेलंय, असं त्यांच्या नोकरीत क्वचितच झालं असेल.

आता खरी गोष्ट अशी की त्यांना भाऊच नव्हता. दोन बहिणी होत्या, दोघी थोरल्या, आणि दोघींनी गाद्या दुसऱ्याच दुकानातून घेतल्या होत्या.

लबाड म्हणावं असा तो माणूस नव्हता. ती स्वस्त गादी खरोखरच वर्षभरात मधोमध बसायची. त्याचं सांगणं खरं, फक्त भाऊ खोटा. पण गिऱ्हाईक विश्वास ठेवायचं ते नेमकं त्या भावावरच, आणि इतकी वर्षं हे बघून बघून सख्खेभाऊंचं एक मत घट्ट झालं होतं, की दुकानात कोणी गोड बोललं की तो डाव, आणि कोणी प्रामाणिक बोललं की तो मोठा डाव.

घरी बायको आणि एक मुलगी. बायको दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला आणि वेळा द्यायला बसे. तिची दिवसभर बसून पाठ धरायची, याचे दिवसभर उभं राहून पाय. “आपल्या दोघांचं मिळून एक धड माणूस होईल बघा,” ती म्हणायची, आणि दोघं ज्या गादीवर झोपत ती लग्नातली होती, मधोमध खड्डा पडलेली. मुलगी तिसरीत. नाव काहीतरी चांगलं ठेवलेलं होतं, ते शाळेत वापरत. घरात ती खारू. लहानपणी मिळेल ती वस्तू गालाशी धरून कोपऱ्यात नेऊन लपवायची, खारीसारखी, म्हणून खारू.

खारूचं दुःख हे की बटण गेली होती. बटण म्हणजे तिची मावसबहीण, गोल टपोऱ्या डोळ्यांची, हिच्यापेक्षा थोडी मोठी, खालच्याच मजल्यावर राहणारी. दोघी एका ताटात जेवल्या, एका पांघरुणात भांडल्या. मग बटणच्या वडिलांना लांबची नोकरी लागली आणि खालच्या घराला कुलूप लागलं. खारू पहिले काही दिवस शाळेतून येताना त्या कुलपाला हात लावून वर यायची.

त्यानंतर दोघींना तो खेळ सापडला. कॉम्प्युटरवरचा, गाव वसवायचा. आपण एक छोटी मुलगी व्हायचं, झाडं तोडायची, विटा पाडायच्या, घरं बांधायची, आणि गंमत म्हणजे लांबचं माणूसही त्याच गावात येऊ शकतं. बटणने तिथे टेकडीवर एक घर बांधलं आणि त्यात एक खोली खारूची ठेवली. खारू आईच्या फोनवर तो खेळ खेळायला बघे. फोन तापायचा, अडकायचा, आणि मध्येच दवाखान्याचा फोन आला की गावच गायब. तिकडे बटणला नव्या शाळेत नव्या मैत्रिणी मिळाल्या होत्या, त्यांच्याकडे चांगली यंत्रं होती, आणि त्याही गावात यायला लागल्या होत्या.

एका संध्याकाळी बटणचा निरोप आला. येत्या रविवारी दुपारी सगळ्या गावात जमणार आहेत, घर पूर्ण झालंय. खारूने यायचंच. नाही आली तर तिची खोली दुसरीला द्यावी लागेल, कारण खोल्या कमी आहेत आणि त्या सगळ्या मागतायत.

खारूने हे बाबाला सांगितलं तेव्हा तो पाय गरम पाण्यात बुडवून बसला होता. डोळे मिटलेलेच होते.

“नाहीतर माझी खोली जाईल, बाबा.”

“खोटी खोली ना ती?”

“खोटी नाही. तिथली आहे.”

त्याने डोळे उघडले. मुलगी पाण्याच्या बादलीशेजारी उकिडवी बसली होती आणि त्याच्या टाचांकडे बघत होती. लॅपटॉप एक ना एक दिवस घ्यावाच लागणार होता, शाळेचंही काहीबाही त्यावरच यायला लागलं होतं. दोघा नवराबायकोंनी त्यासाठी थोडं बाजूला टाकलंही होतं, फार नाही, साध्यातला साधा येईल इतकंच. “बुधवारी माझी सुट्टी आहे. बुधवारी जाऊ,” तो म्हणाला, आणि मग त्याला दिवसभरात पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

बुधवारी सख्खेभाऊंनी काय केलं असेल तर सकाळभर झोप काढली, दुपारी बंद पडलेला नळ दुरुस्त केला, आणि चार वाजता, आंबलेलं अंग तसंच घेऊन, मुलीला शाळेच्या फाटकातून परस्पर दुकानाकडे नेलं. वाटेत तिला शिकवणी दिली. या बाबतीत मात्र तो गुरूच होता.

“हे बघ खारू. दुकानात गेल्यावर काहीही आवडलं तरी तोंडावर दाखवायचं नाही.”

“का?”

“आवडलंय हे कळलं की ते लोक आपल्याला धरतात. मग आपलं काही चालत नाही. एकदम मख्ख राहायचं. मी बघतो ना रोज. ज्याच्या तोंडावर दिसतं तो फसतो.”

“आणि नाही आवडलं तर?”

“तेही नाही दाखवायचं. काहीच नाही दाखवायचं. असं.” आणि त्याने भर रस्त्यात थांबून आपलं दुकानातलं तोंड करून दाखवलं, डोळे अर्धे, ओठ सरळ. खारूला हसू फुटलं. मग तिनेही करून पाहिलं. चांगलं जमलं तिला. पुढच्या सिग्नलपर्यंत दोघं तसंच तोंड करून चालत राहिले आणि समोरून येणारी माणसं बघायला लागली.

लॅपटॉपचं दुकान थंडगार, चकचकीत. काउंटरमागे एक तरुण मुलगी उभी होती, विशीबाविशीची, एका गुडघ्याला पट्टा बांधलेली. ती उभी होती एका पायावर भार देऊन, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या. ते बघून सख्खेभाऊंना क्षणभर वाटलं, विचारावं हिला, तुमच्याकडे तरी स्टूल देतात का. पण तो गिऱ्हाईक म्हणून आला होता. त्याने दुकानातलं तोंड केलं.

“या काका. कोणासाठी बघायचाय?”

काका! आल्या आल्या नातं जोडलं. त्याने मनातल्या मनात पहिला डाव मोजला.

“हिच्यासाठी. साधा. सगळ्यात साधा.”

“अभ्यासाला की खेळायला?”

“दोन्हीला,” तो म्हणाला.

“खेळायला,” खारू म्हणाली, आणि लगेच ओठ सरळ केले.

मुलीने कुठला खेळ ते विचारलं. खारूने नाव सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, शाळेत हजेरी द्यावी तसं. मुलगी हसली. मग तिने खालच्या फळीवरून एक लॅपटॉप काढून समोर ठेवला. नवा कोरा, बारीक, निळसर, झाकणावर अजून पातळ प्लॅस्टिक. बाजूला टाकलेल्या पैशांत बसणारा होता. सख्खेभाऊंनी तो हातात घेऊन तोलला, झाकण उघडलं, मिटलं. बरा होता. मुलगी काही वेळ गप्प राहिली. मग ती काउंटरवर जरा पुढे झुकली आणि तिने आवाज खाली आणला.

“काका, खरं सांगू? हा नका घेऊ. लिहायवाचायला ठीक आहे. पण याची मेमरी याच्या स्वतःच्याच कामाला पुरत नाही, खेळाला कुठून उरणार? माझ्या भाचीला मी हा दिला नसता.”

सख्खेभाऊंना आतून असं काही हसू आलं की तोंड सरळ ठेवणं मुश्किल झालं. वा ग पोरी! एक पाऊल पुढे, आवाज खाली, आणि भाची. सगळं जसंच्या तसं. फक्त भावाच्या जागी भाची. आता वरच्याकडे नेणार, तो महाग असणार, आणि आपण विरघळून जाणार.

पण ती वरच्याकडे वळलीच नाही. आतल्या खोलीत जाऊन तिने दुसराच एक आणला. जाडजूड, काळा, कुठल्याशा ऑफिसातून परत आलेला. झाकणाच्या कोपऱ्याला खरवडलेलं, एका बटणावरचं अक्षर पुसलेलं. “हा जुना आहे, पण आम्ही आतून नीट करून घेतलाय. किंमत जवळपास तेवढीच. दिसायला कसाही असला तरी हिचा खेळ धावेल यावर. थांबा, चालवूनच दाखवते. खेळ उतरवून घ्यायला थोडा वेळ लागेल. तोवर बसा ना, खुर्ची देते.”

इथे खरं तर हुशार माणसाने बसायला हवं होतं. पण सख्खेभाऊ हुशार नव्हते, अनुभवी होते. जुना माल! त्यांच्याकडेही होता की. दाखवायला ठेवलेल्या, शंभर लोकांनी पडून मळवलेल्या गाद्या, नवीन कव्हर घालून कोणाच्या तरी गळ्यात मारायच्या. आणि चालवून दाखवते म्हणे. म्हणजे पडून बघा पाच मिनिटं. एकदा खारूने त्यावर खेळ बघितला की ती उठणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! त्यातून टाचा पेटल्या होत्या, सुट्टी संपत आली होती, आणि घरी जाऊन आडवं व्हावं यापलीकडे देहाला काही नको होतं.

खारू त्या काळ्या लॅपटॉपकडे बघत होती. तिने तोंड उघडलं. बाबाने तिचा हात हलकेच दाबला. तिने तोंड मिटलं.

“नवाच द्या,” तो म्हणाला.

“काका, एकदा बघा तरी.”

“द्या हो. आम्हीही दुकानातच असतो.”

मुलीने त्याच्याकडे एकदा बघितलं, खांदे पाडले, आणि खोकं बांधायला घेतलं. “खोकं जपून ठेवा,” एवढंच म्हणाली. “आठवडाभर बदलून देतो आम्ही.” बाहेर आल्यावर सख्खेभाऊंना वाटलं, आज एकदा तरी आपण डाव ओळखून उलटवला. खारूला त्यांनी खोकं धरायला दिलं. ती ते छातीशी धरून चालत होती, आणि तोंड अजून तसंच होतं, अगदी घरापर्यंत.

पुढचे दिवस नेहमीसारखे गेले, म्हणजे उभ्याने. तो घरी येई तेव्हा मुलीचं जेवण उरकलेलं असे.

“कसा आहे लॅपटॉप?”

“छान आहे.”

“खेळ चालतो?”

“चालतो. पहिल्यांदा थोडा वेळ लागतो. मग चालतो.”

“बघ! ती पोरगी म्हणत होती चालणार नाही.” आणि तो पाय बादलीत सोडून डोळे मिटून घेई. मिटलेल्या डोळ्यांनी मुलीचं तोंड दिसत नाही, हे काही वेगळं सांगायला नको. बायको एकदा म्हणाली, “अहो, ती त्याच्यासमोर नुसती बसलेली असते, पडद्यावर ते चाक फिरत असतं.” तो म्हणाला, “नवं आहे, सेट व्हायला वेळ लागतो. नवी गादीसुद्धा आठवडाभर टोचते.” हे वाक्य तो गिऱ्हाइकांना सांगत असे आणि ते साफ खोटं होतं. टोचणारी गादी पुढेही टोचतेच.

रविवारी दुकानात गर्दी. पण दुपारी गिऱ्हाईक जेवायला जातं तेव्हा थोडी उसंत असते. सख्खेभाऊंना सकाळपासून चैन नव्हतं. लॅपटॉप आपण आणला, मुलगी आज आपल्या खोलीत जाणार, तिचा तो चेहरा एकदा बघावा असं मनात आलं. इतक्या वर्षांत त्याने रविवारी सवड मागितली नव्हती. मालकांनी घड्याळाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि कोणी आजारी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांना जास्तच नवल वाटलं, पण जा म्हणाले.

घराचं दार लोटलेलंच होतं. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खारू आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती, दाराकडे पाठ करून, समोर निळसर लॅपटॉप, शेजारी आईचा फोन. फोनमधून चिवचिव ऐकू येत होती, तीनचार मुली एकदम बोलत होत्या. लॅपटॉपच्या पडद्यावर चाक फिरत होतं. गाव नव्हतं, टेकडी नव्हती, काही नव्हतं. पांढरा पडदा आणि मधोमध ते चाक.

“खारू, आलीस का ग?” फोनमधून बटणचा आवाज.

“आलेय की,” खारू म्हणाली.

“दिसत नाहीयेस.”

“मी मागे आहे. झाडांच्या मागे. तुम्ही व्हा पुढे.”

“बघ, दार लावलंय आम्ही. कसं आहे?”

“मस्त आहे,” खारू पांढऱ्या पडद्याला म्हणाली. “खूपच मस्त आहे.”

“आणि खिडक्यांचा रंग?”

खारूने जरासा विचार केला. “निळा. छान दिसतो.”

“निळा कुठे? पिवळा आहे!” कोणीतरी दुसरी मुलगी हसली. मग दोघीतिघी हसल्या. “ती आलेलीच नाहीये,” एक अनोळखी आवाज म्हणाला. “उगीच सांगतेय.” मग बटणचा आवाज, जरा हळू, “खारू, नाही चालत आहे का ग तुझं?”

“चालतंय. पण मला आता जायचंय. आणि ऐक ना, ती खोली देऊन टाक कोणाला हवी तर. मला नकोय. मला बाहेरच आवडतं.”

दारात उभ्या माणसाच्या हातून किल्ल्या पडल्या.

खारू वळली. एका क्षणापुरतं, फक्त एका क्षणापुरतं, त्याला तिचं खरं तोंड दिसलं. ते बघवण्यासारखं नव्हतं. आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत ते मिटलं. डोळे अर्धे झाले, ओठ सरळ. त्याने भर रस्त्यात थांबून शिकवलं होतं, अगदी तस्सं.

“छान चाललाय, बाबा,” ती म्हणाली. “थोडा हळू आहे एवढंच.”

इतकी वर्षं समोरच्या तोंडावरून गिऱ्हाईक ओळखणारा हा माणूस, आणि घरातल्या घरात इतके दिवस त्याला काही दिसलं नव्हतं. लाज वाटली त्याला, सरळ सांगायचं तर, आणि लाजेच्या वर दमणूक, की आता हेही उचलायचं आहे. त्याने खाली वाकून फोन उचलला.

“बटण, मी काका बोलतोय. कुठे जाऊ नका तुम्ही. खारू येतेय.”

“पण काका, तिनेच सांगितलं खोली नको. मी दिली आत्ता.”

“बरं,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? “तरी थांबा.”

खोकं त्याने जपून ठेवलं होतं, आणि झाकणावरचं प्लॅस्टिकही काढू दिलं नव्हतं. गादीवाला माणूस प्लॅस्टिक काढत नाही. त्याने लॅपटॉप खोक्यात घातला, मुलीच्या पायात चपला सरकवल्या, बायकोला “आलोच” म्हणून ओरडला, आणि दोघं उन्हातून निघाले. खारूने वाटेत दोनदा सांगितलं की राहू दे बाबा, तुझे पाय दुखतील. त्याने नुसती मान हलवली.

दुकानात तीच मुलगी होती, तोच पट्टा. खोकं बघून तिला सगळं कळलं असणार. सख्खेभाऊ बोलण्याची तयारी करत होते, आपलं कसं चुकलं ते, पण तिने ती वेळच आणली नाही. खोकं उघडून बघितलं, ठीक आहे म्हणाली, किमतीत थोडी घट धरावी लागेल म्हणाली. मग आत गेली आणि काळा लॅपटॉप घेऊन आली.

“विकला गेला नव्हता?”

“असा कोण घेतो, काका? लोकांना नवं लागतं.” तिने तो सुरू केला. “थोडा वेळ लागेल उतरवायला. बसा.”

या वेळी ते बसले. दुकानातल्या खुर्चीवर, भर रविवारी, दुसऱ्याच्या दुकानात का होईना. टाचांमधून कळ वर गेली आणि हळूहळू ओसरली. काउंटरवरची मुलगी मात्र उभीच होती, एका पायावर, मग दुसऱ्या.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुम्हाला भाची आहे का खरंच?”

“आहे की. दोन आहेत,” ती म्हणाली. “का?”

“काही नाही,” तो म्हणाला.

खेळ सुरू झाला. चाक फिरलं, थोडंसंच, आणि पडदा हिरवा झाला. झाडं आली, पायवाट आली, टेकडी आली. टेकडीवर घर, पिवळ्या खिडक्यांचं. खारू काउंटरपाशी गिऱ्हाइकांच्या उंच स्टुलावर बसली होती. तिची पडद्यातली छोटी मुलगी पायवाटेने वर गेली, दाराशी पोचली. बटण तिथेच उभी होती. ती उड्या मारायला लागली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली, आलीस, आलीस, आलीस. दोघी आत गेल्या. जिना चढून वर एक खोली होती, खिडकीतून टेकडी दिसणारी, आणि तिच्या दारावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं. खारू त्या दारासमोर थांबली.

सख्खेभाऊ पडद्याकडे बघत नव्हते. ते मुलीकडे बघत होते. तोंड तसंच होतं, डोळे अर्धे, ओठ सरळ. एक रेषसुद्धा हललेली नव्हती. ते बघता बघता त्यांनाच राहवेना.

“खारू,” ते म्हणाले. “आवडला का ग?”

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग काउंटरवरच्या मुलीकडे बघितलं. मग परत त्यांच्याकडे, आणि हळूच, त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“आता तोंडावर दाखवलं तर चालेल?”

“चालेल,” ते म्हणाले. “दाखव.”

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. खारूने दोन्ही हातांनी काउंटर धरलं आणि ती मोठ्याने रडायला लागली, इतकी की दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. सख्खेभाऊ खुर्चीतून उठले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि लोक बघतायत म्हणून गप्प बस, असं मात्र त्यांनी तिला म्हटलं नाही.